उघड्या मशीनचं घड्याळ : ऑडेमार पिगेचं दोन बॅलन्सवालं रॉयल ओक आणि 'स्केलेटन'चं डिझाइन

दोलक (धागाकर्ता)

तबकडी काढून टाकली की झालं स्केलेटन घड्याळ, असं बऱ्याच जणांना वाटतं. तबकडी काढणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम. खाली जे सापडतं ते बहुतेक वेळा बघण्यासारखं नसतं. पितळेची जाड प्लेट, तिच्यावर खाचा, चार-दोन स्क्रू, चावीच्या दांड्याला धरणारे लिव्हर आणि वाकड्यातिकड्या स्प्रिंगा. चाकं आणि बॅलन्स (मागेपुढे झुलून वेळेचा ठेका धरणारं चाक) सहसा प्लेटच्या पलीकडे, म्हणजे मनगटाच्या बाजूला असतात. तेव्हा समोरून मशीन दाखवायचं तर ती प्लेटच आरपार कापावी लागते. आणि प्लेट म्हणजे घड्याळाचा पाया. चाकांच्या टोकांना धरणारे माणकांचे खडे तिच्यातच बसवलेले असतात.

म्हणून या प्रकाराचा सगळा कस लागतो तो काय शिल्लक ठेवायचं ते ठरवण्यात. माझ्या आवडीचं एक घड्याळ घेऊन हे मांडतो. ऑडेमार पिगे या स्विस कंपनीचं रॉयल ओक डबल बॅलन्स व्हील ओपनवर्क्ड, 2016 सालचं. 41 मिमी व्यासाचं, आत कॅलिबर 3132 (कॅलिबर म्हणजे मशीनचं मॉडेल). (नाही, माझ्याकडे नाही. असतं तर धागा टाकत बसलो नसतो.)

आधी मूळ रॉयल ओकबद्दल थोडं. जेराल्ड गेंता यांचं डिझाइन, 1972 साली बाजारात आलं. अष्टकोनी बेझल (काचेभोवतीची कडी), त्यावर आठ षट्कोनी स्क्रू, पट्टा आणि केस एकाच धातूच्या ओघात. पोलादी घड्याळ सोन्याच्या भावात विकायचं हे धाडस तेव्हा वेडेपणाचं ठरलं होतं. गंमत अशी की समोर दिसणारे ते आठ स्क्रू फिरतच नाहीत. त्यांची षट्कोनी डोकी बेझलच्या खाचांत घट्ट बसतात आणि आवळणं होतं ते मागच्या बाजूने. म्हणून तर आठही स्क्रूंच्या चिरा एका वर्तुळावर नेमक्या लागतात, फिरवून आवळणाऱ्या स्क्रूंना ते जमलं नसतं.

आता या घड्याळाची दुसरी ओळख म्हणजे तबकडीवरची चौकटी-चौकटींची नक्षी, जिला ते टॅपिसरी म्हणतात. स्केलेटन करायचं म्हणजे तीच फेकून द्यायची. बहुतेक घड्याळांची तबकडी काढली की ते कुठल्या कंपनीचं हे कळेनासं होतं. इथे तसं होत नाही, कारण अष्टकोन इतका दणकट आहे की आत काहीही भरा, लांबून रॉयल ओकच दिसतं. त्यामुळे आतल्या डिझायनरला मोकळं रान मिळालं.

आणि त्याने काय केलं? साध्या घड्याळात एक बॅलन्स व्हील असतं. इथे एकाच दांड्यावर दोन बॅलन्स आणि दोन हेअर स्प्रिंगा (बॅलन्सला परत खेचणाऱ्या केसासारख्या स्प्रिंगा) आहेत, एक जोडी वर, एक खाली. सेकंदाला सहा ठोके, म्हणजे तासाला 21,600. कंपनी म्हणते यामुळे स्थिरता आणि अचूकता वाढते. ते असेल. पण मला यातला डिझाइनचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. एक बॅलन्स समोरून दिसतं आणि दुसरं पाठीमागच्या काचेतून. घड्याळाला पुढची-मागची बाजू अशी राहतच नाही. पोलादी मॉडेलमध्ये कापलेल्या प्लेटचा रंग पाटीसारखा गडद करडा आहे, आणि काटे आणि तासांच्या खुणा गुलाबी सोन्याच्या. पहिल्यांदा फोटो बघितला की नजर आधी हलणाऱ्या बॅलन्सवर जाते, मग काट्यांवर, आणि शेवटी करड्या जाळीवर. हा क्रम आपोआप लागत नाही, तो कुणीतरी लावलेला असतो. सगळंच चमकवलं असतं तर नुसता भंगाराचा ढीग दिसला असता.

इतिहास थोडक्यात. असं उघडं घड्याळ पहिल्यांदा करण्याचं श्रेय पॅरिसच्या आंद्रे-शार्ल कारोंला देतात, 1760 च्या आसपास. त्याचा मुलगाही घड्याळजी होता. त्याने 1753 साली नवीन एस्केपमेंट (चाकांना ठोक्याठोक्याने सोडणारी यंत्रणा) काढली, ती दरबारी घड्याळजी लपोतने आपल्या नावावर खपवायचा प्रयत्न केला, प्रकरण विज्ञान अकादमीपर्यंत गेलं आणि निकाल पोराच्या बाजूने लागला. पुढे हाच पोरगा बोमार्शे या नावाने नाटककार म्हणून गाजला. दुसरं नाव कॉन्स्टंट जिरार. त्याने चाकं धरणारे तीन ब्रिज एकमेकांना समांतर, बाणाच्या टोकांसारखे, सोन्याचे केले आणि 1884 साली त्या आकाराचं अमेरिकेत पेटंट घेतलं. 1889 च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या अशा तीन ब्रिजवाल्या घड्याळाला सुवर्णपदक मिळालं. जो भाग निव्वळ आधारासाठी असतो तोच घड्याळाचा चेहरा करायचा, ही कल्पना मला कारोंच्या कापण्यापेक्षाही मोठी वाटते.

तर मंडळी, तुमचं मत टाका. उघडं मशीन हे डिझाइन आहे की नुसता देखावा?

बिनकाट्याचा – एक बाळबोध शंका

वेळ मोबाईलमध्ये बघायची आणि मनगटावर लाखोंचा देखावा मिरवायचा, असं का? ह. घ्या.

दोलक

घेतलं हलकं. पण शंका बाळबोध नाही, उत्तर 25 डिसेंबर 1969 मध्ये आहे. त्या दिवशी टोकियोत सेकोने ॲस्ट्रॉन हे पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढलं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत कुठलंही स्वस्त क्वार्ट्झ घड्याळ महागड्या यांत्रिक घड्याळापेक्षा अचूक चालू लागलं. अचूकतेच्या जोरावर विकण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा विकायला उरलं ते मशीनच. ते झाकून कसं चालेल? मागच्या बाजूला काच लावायची रीत याच काळानंतर पसरली. त्याआधी मनगटी घड्याळाचं मशीन मालकाच्या सहसा नजरेलाच पडत नसे. बघायचं ते घड्याळजीने.

काटकोन – दोन बॅलन्स? जरा थांबा

पेशाने मेकॅनिकल इंजिनिअर, म्हणून थोडं खाजवल्याशिवाय राहवत नाही.

कापण्याबद्दल दोलकरावांशी सहमत. एक गोष्ट जोडतो. पितळेची पत्रा-प्लेट रोल करून तयार होते तेव्हा तिच्या आत ताण अडकलेले असतात. धातू काढत गेलं की ते सुटतात आणि प्लेट किंचित वाकते. साध्या घड्याळात काही मायक्रॉनचं वाकणं कुणाला कळणार नाही, पण इथे वरच्या आणि खालच्या खड्यांची भोकं एका रेषेत राहायलाच हवीत, नाहीतर चाक तिरकं उभं राहतं. त्यामुळे कापायचं, वाकलंय का बघायचं, पुन्हा कापायचं असं चालतं. आणि सगळीकडे सारखं कापता येत नाही. मुख्य स्प्रिंगच्या बॅरलपाशी (डब्यापाशी) सगळ्यात जास्त जोर असतो, तिथला ब्रिज जाड ठेवावा लागतो. बॅलन्सपाशी जोर अगदी थोडा, तिथे हवं तेवढं नाजूक व्हा. चांगल्या स्केलेटनमध्ये डोळ्यांनीच कळतं की ताकद कुठून कुठे वाहतेय. वाईटात सगळ्या पट्ट्या सारख्या जाडीच्या असतात, म्हणजे काढणाऱ्याने नुसती नक्षी बघितली.

आता दोन बॅलन्स. जडत्व वाढवायचं तर एकच मोठं चाक लावता आलं असतं. दोन बॅलन्सच्या बाजूने बोलायचं तर मोठ्या चाकाला जागा लागते आणि हवेचा अडथळाही वाढतो, दोन चाकं एकावर एक ठेवली की व्यास लहान राहतो. शिवाय हेअर स्प्रिंग आकुंचन-प्रसरण पावताना दांड्याला एका बाजूला थोडं ढकलते. दुसरी स्प्रिंग उलट बाजूला बसवली तर ते ढकलणं खोडलं जातं, हे तत्त्व म्हणून बरोबर. पण मग दोन्ही स्प्रिंगा एकमेकींशी तंतोतंत जुळायला हव्यात. एक जुळवतानाच नाकी नऊ येतात.

माझा हिशोब असा की फायदा आहे, पण तेवढ्यासाठी कुणी हा व्याप केला नसता. मुळात ते समोरून दिसावं म्हणून केलंय. आणि त्यात वाईट काही नाही, फक्त तसं सरळ सांगावं.

जाता जाता: माझ्या मते गेल्या काही वर्षांतलं उघड्या मशीनचं सगळ्यात हुशार डिझाइन स्वॉचचं सिस्टेम51 आहे, 2013 चं. एकूण 51 भाग, मध्यभागी एकच स्क्रू, जोडणी यंत्रानेच, आणि एकदा चावी भरली की 90 तास. मागून पारदर्शक. त्यापुढे तुमचं रॉयल ओक म्हणजे दागिना.

दोलक

दागिना आहे, नाकारतच नाही. 'मुळात दिसावं म्हणून' हेही मान्य, मी वेगळ्या शब्दांत तेच म्हणालो होतो. सिस्टेम51 वर मात्र मतभेद. त्यात काचेतून बघण्यासारखं असतं ते रोटरवरचं, म्हणजे हात हलला की फिरून चावी भरणाऱ्या वजनावरचं, छापील चित्र.

लोझानकर – ल ब्रासूहून

मी लोझानला राहतो, ल ब्रासू इथून गाडीने तासाभरात. ते गाव ज्या व्हॅले द जूमध्ये आहे ती म्हणजे जुरा डोंगरातली सुमारे हजार मीटर उंचीवरची दरी. हिवाळ्यात बर्फ पडलं की पूर्वी शेतकऱ्यांना घरात बसण्याशिवाय गत्यंतर नसे, त्यातून इथे घड्याळाचे सुटे भाग घासायचा जोडधंदा रुजला. ऑडेमार पिगे 1875 पासून इथेच आहे. 2020 मध्ये त्यांनी जुन्या घराशेजारी नवीन संग्रहालय बांधलं, वास्तुकार ब्यार्के इंगेल्स यांच्या बिग या फर्मचं. गवताळ उतारात घुसलेली काचेची गोल सर्पिल इमारत. छताचं वजन पेलायला खांब नाहीत, वाकवलेल्या काचेच्या भिंतीच ते उचलतात. उघडं मशीन विकणाऱ्यांनी इमारतही पारदर्शक बांधली, यात योगायोग काही नसावा.

आतमध्ये कारागीर बसून काम करताना दिसतात. तिथे मला जे कळलं ते धाग्यात अजून आलेलं नाही: कडा.

पूर्वी प्लेटला बारीक भोक पाडून त्यातून केसासारखं पातं ओवायचे आणि हाताने कापायचे. झवेरी बाजारात जाळीकाम करणारे कारागीर जशी करवत वापरतात, जवळजवळ तीच. आता मूळ आकार बहुतेक वेळा संगणकी मशीनवर किंवा विजेच्या ठिणगीने धातू खाणाऱ्या तारेने कापतात. पण खरा वेळ त्यानंतर जातो. कापलेल्या प्रत्येक कडेला 45 अंशांचा उतार घासायचा आणि त्याला आरशासारखी झिलई आणायची. उतारावर प्रकाश चमकतो, वरचा सपाट भाग मंद राहतो, म्हणून आकार उठून दिसतो. उतार नसेल तर नुसती भोकं पाडलेली पत्री.

त्यातही आतल्या बाजूचा कोपरा, जिथे दोन उतार एकमेकांना भेटतात. मशीनवर फिरणाऱ्या हत्याराचं टोक गोल असतं, त्यामुळे मशीनने केलेला आतला कोपरा नेहमी किंचित गोलावतो. टोकदार कोपरा, सुरीने चिरल्यासारखा, फक्त हातातल्या कानशीनेच होतो. एक चुकीचा फटका आणि अख्खा ब्रिज बाद. शेवटची झिलई जेन्शियन नावाच्या डोंगरी झाडाच्या वाळलेल्या काडीने देतात. काडी पेस्टमध्ये बुडवायची आणि कडेवर घासत राहायचं. या झाडाच्या मुळापासून इथे एक भयंकर कडू दारूही काढतात. काडी घड्याळजीला आणि मूळ बाकीच्यांना.

आणि आता गणित बघा. साध्या ब्रिजला कडा बाहेरच्या बाजूनेच. तोच ब्रिज जाळीसारखा कापला की आत नव्या कडा, नवे कोपरे कित्येक पटींनी वाढतात. धातू जितका कमी, काम तितकं जास्त. किमतीचा एक भाग इथे जातो.

खवचट खान – एक भाग

'एक भाग' हे बरं लिहिलंत. बाकीचे भाग कुठे जातात तेही लिहा की. टेनिसपटूंच्या मनगटावर? वाट बघायच्या यादीत? पोलादाचा तुकडा आणि काही शे ग्रॅम स्वित्झर्लंडची हवा.

लोझानकर

@खवचट खान, तो भागही असतोच, मी इथे राहून कंपनीची वकिली करत नाहीये. जाहिरात आणि ब्रँडचं नाव किमतीत धरलेलंच असतं. टेनिसपटूवरून आठवलं, नदालने मनगटावर बांधून सामने खेळले ते रिशार मिलचं घड्याळही उघड्या मशीनचंच. 2013 च्या आर-एम 27-01 मध्ये तर मशीन केसला स्क्रूने न बसवता पोलादी दोऱ्यांवर टांगलं होतं, आणि पट्ट्यासकट वजन 19 ग्रॅमच्या आत. तिथे कापणं शोभेसाठी नव्हतं, वजन उतरवण्यासाठी होतं. किंमत मात्र ऑडेमारपेक्षा कितीतरी वर, त्यामुळे तुमचा मुद्दा तसाच राहतो. :-)

रेघोटी – पण वेळ दिसते का?

मी ग्राफिक डिझायनर. सगळ्या चर्चेत वेळ बघण्याबद्दल अजून कुणीच बोललं नाही. (बिनकाट्याचा यांनी केला एक प्रयत्न, त्यांचं काय झालं ते बघितलंत.)

दोलक, तुम्ही म्हणता गडद करड्यावर गुलाबी सोनं, नजरेचा क्रम लागतो वगैरे. फोटोत लागतो. स्टुडिओतला प्रकाश एका बाजूने येतो आणि काटे नेहमी दहा वाजून दहा मिनिटांनी हात पसरून उभे असतात. खऱ्या आयुष्यात चार वाजून अडतीस मिनिटं होतात, मिनिट काटा नेमका त्या दोन बॅलन्सच्या वरून जातो, खाली काहीतरी पुढेमागे हलतंय, वर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब. मी एका ओळखीच्यांच्या मनगटावर हेच घड्याळ बघितलंय. वेळ सांगायला त्यांना दोनदा बघावं लागलं. त्यांना त्याचं काही वाटलं नाही, हा भाग वेगळा.

पार्श्वभूमी आणि आकृती वेगळी ठेवणं हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. स्केलेटन घड्याळ तो मुद्दाम मोडतं. मग मोडल्याची भरपाई कशी केली, यावर मी गुण देते. कार्तिएने सान्तोसमध्ये जे केलं ते मला सगळ्यात चलाख वाटतं. 9611 एमसी हे मशीन, हाताने चावी भरायचं, 72 तास चालणारं. त्यात ब्रिजच रोमन आकड्यांच्या आकाराचे कापलेत. बारा, तीन, सहा, नऊ हे आकडेच चाकं धरून उभे आहेत. म्हणजे वाचायची गोष्ट आणि आधार देणारी गोष्ट एकच झाली. वर काही चिकटवायला नको, खाली काही लपवायला नको. मूळ सान्तोस 1904 चं, विमानवेड्या आल्बेर्तो सान्तोस-द्युमोंसाठी केलेलं. उडताना खिशातलं घड्याळ काढायला हात मोकळा नसे म्हणून. वेळ झटकन दिसावी यासाठी जन्मलेल्या घड्याळाच्या स्केलेटननेही ते भान ठेवलं, हे मला आवडतं.

दुसरं उदाहरण कोरमचं गोल्डन ब्रिज, 1980, व्हिन्चेन्सो कालाब्रेझे यांचं. सगळी चाकं एका उभ्या रेषेत, आजूबाजूला नुसती काच. तिथे काटे हरवायला मागे काही शिल्लकच नाही.

दोलक

रेघोटीताई, काट्यांबद्दल अर्धं मान्य. ऑडेमारने काटे रुंद ठेवून त्यांत अंधारात चमकणारा रंग भरलाय, खुणा कडेच्या रिंगवर नेल्यात, तेवढी काळजी घेतलीय. पण मिनिट काटा बॅलन्सवर आला की गोंधळ होतो हे खरंच. तरी कार्तिएवर माझा आक्षेप आहे. तिथे मशीन आकड्यांच्या सेवेला लावलंय. चाकं कुठे बसावीत हे आकडे ठरवतात. रॉयल ओकमध्ये मशीनला हवं तसं बसू दिलंय आणि जाळी त्याच्याभोवती काढलीय. मला दुसरं जास्त प्रामाणिक वाटतं.

रेघोटी

प्रामाणिक? ज्यात दुसरं बॅलन्स दिसावं म्हणून बसवलंय, असं तुम्ही आणि काटकोन दोघंही वर कबूल करून बसलात, ते?

काटकोन

+१. दोलकराव, हा षटकार होता.

दोलक

गेला सीमेपार. :-) तरी एवढं म्हणतो: ते बसवलेलं बॅलन्स चालतं, वेळ राखायचं काम करतं. आकड्याच्या आकाराचा ब्रिज साध्या आकाराच्या ब्रिजपेक्षा जास्त काही करत नाही. दिसण्यासाठी केलेली पण काम करणारी गोष्ट, यालाच मी डिझाइन म्हणेन.

दादरचा घड्याळजी – बाकाच्या पलीकडून

दुकान वडिलांपासून आहे. लिहायची सवय नाही, मुलीने टाइप करून दिलंय.

वर सगळं छान लिहिलंय. दुरुस्तीच्या बाजूने सांगतो. साध्या घड्याळात तबकडीखाली काय आहे ते गिऱ्हाईक बघत नाही. स्क्रूच्या चिरेवर एखादा ओरखडा आला, तर येतो. उघड्या मशीनला हे चालत नाही. स्क्रूड्रायव्हरचं पातं चिरेत अगदी बरोबर बसलं पाहिजे, बोट कुठे लागता कामा नये, चिमट्याचा डाग कायमचा राहतो. तेल जास्त झालं तर ते खड्याबाहेर आलेलं लगेच काचेतून दिसतं. धुळीचा एक कण आत राहिला की गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी हजर. आणि मोठ्या दर्जाच्या घड्याळांत तर मशीन आधी पूर्ण जोडून चालवून बघतात, मग सगळं खोलून झिलई करतात आणि परत जोडतात, म्हणजे जोडणी दोनदा. हे काम रस्त्यावरच्या दुकानात होणारं नाही, मीही ऑडेमारला हात लावणार नाही. ज्याचं त्याने कंपनीकडेच द्यावं.

काटकोन साहेबांचं ते 51 भागांचं घड्याळ. डिझाइन असेल हुशार. पण ते उघडून सर्व्हिस करता येत नाही, बंद पडलं की मशीनच बदलायचं. आमच्या दृष्टीने ज्याला खोलता येत नाही ते घड्याळ कसलं?

आपल्या इथलं एक सांगतो. बाहेरच्या देशांतल्या हौशी लोकांत 'मुंबई स्पेशल' म्हणून एक नाव बदनाम आहे. जुन्या एच-एम-टीच्या किंवा जुन्या स्विस घड्याळाच्या मशीनवर नवीन रंगवलेली तबकडी, नवी केस, आणि ऑनलाइन विक्री. आता त्यात उघड्या तबकडीवालेही आलेत. एच-एम-टीच्या प्लेटला ड्रिलने भोकं पाडून 'स्केलेटन' म्हणून विकतात. एच-एम-टी 'जनता' मॉडेलचं मशीन चांगलं, दणकट, दुरुस्तीला सोपं. त्याला भोकं पाडून का मारता? कडा न घासलेल्या, पितळ उघडं, वर कुठलाही मुलामा नाही. वर्षभरात काळं पडतं.

चिमणराव ६४९७ – नवीन सभासदाची शंका

घड्याळजीकाका, बरं झालं तुम्ही आलात. मला ऑडेमार सातजन्मी परवडणार नाही. पंधरा-वीस हजारांत उघड्या मशीनचं, चावीचं घड्याळ घ्यायचंय. ऑनलाइन सगळीकडे '6497' लिहिलेलं दिसतं, म्हणून तर हे सभासद नाव घेतलं. घ्यावं का? काय बघून घ्यावं?

काटकोन

6497 म्हणजे मुळात युनिटासचं खिशातल्या घड्याळाचं मशीन, नंतर ईटीए या स्विस मशीन-कंपनीचं. 36.6 मिमी व्यास, 4.5 मिमी जाडी, 17 खडे, जुन्या आवृत्तीला तासाला 18,000 ठोके. मोठं आणि मोकळं असल्यामुळे कापायला सोपं. टिसोच्या टी-कॉम्प्लिकेशन स्क्वेलेटमध्येही तेच आहे. पण वीस हजारांत तुम्हाला मिळेल ती चिनी नक्कल, सी-गलची वगैरे. नक्कल वाईटच असते असं नाही, आराखडा जुना आणि सिद्ध आहे. भोकं यंत्राने पाडलेली असतील, लोझानकरांच्या जेन्शियनची काडी शोधायला जाऊ नका.

लोझानकर

सहमत. एक युक्ती. विक्रेत्याने दिलेला फोटो मोठा करून आतले कोपरे बघा. गोल असणारच, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पण कडेला उतार आहे की सरळ कापून सोडलंय, ते बघा. काही स्वस्त घड्याळांतही मशीनने का होईना उतार दिलेला असतो. तेवढ्यानेही प्रकाश खेळतो.

रेघोटी

आणि काटे कुठल्या रंगाचे आहेत ते बघा हो! मागे सोनेरी चाकं आणि वर सोनेरी काटे असतील तर पहिल्याच आठवड्यात कंटाळाल. तापवून निळे केलेले पोलादी काटे असतील तर उत्तम. स्वस्तात निळा रंग मारलेले मिळतील, चालतील. निळं वेगळं उठून दिसतं, एवढं पुरे.

बिनकाट्याचा

मला अजूनही कुणी सांगितलं नाही की वेळ मोबाईलमध्ये बघितली तर बिघडलं काय.

रेघोटी

@बिनकाट्याचा, तुमच्या सभासद नावाला शोभेलसा प्रश्न आहे. युलिस नार्डिनचं फ्रीक बघा, 2001 चं. त्याला काटे नाहीत, चावी फिरवायचं बटणही नाही, मशीनच गोल फिरून वेळ दाखवतं. तुमच्यासाठीच केलंय.

दोलक

फ्रीकबद्दल खरं तर स्वतंत्र धागा निघायला हवा. लुडविग ओक्सलिन यांचं काम, आणि एस्केपमेंटमध्ये सिलिकॉन वापरणारं पहिलं मनगटी घड्याळ. कुणी काढणार असेल तर मी प्रतिसाद द्यायला बसलोच आहे.

दादरचा घड्याळजी

चिमणराव, घ्या, पण तीन गोष्टी बघा. मागची काच स्क्रूने बसवलेली असावी, नुसती दाबून बसवलेली नको. उघड्या घड्याळात धूळ शिरली की लपत नाही. दुसरं, चावी भरताना करकर आवाज आला तर लगेच परत करा. तिसरं, बॅलन्स दिसतंय ना, मग ते बघा. घड्याळ आडवं ठेवा, चावी पूर्ण भरा आणि बॅलन्सच्या फिरण्याकडे नीट लक्ष द्या. मोकळेपणाने पाऊण वळसा तरी फिरलं पाहिजे. अर्ध्या वळशावर थांबून परत येत असेल तर तेल सुकलंय किंवा कचरा आहे. झाकलेल्या घड्याळात हे मला आय ग्लास लावून मागून उघडून बघावं लागतं, तुमचं तुम्हाला घरी बसून दिसेल. आणि चावी रोज सकाळी एकाच वेळेला भरा.

चिमणराव ६४९७

धन्यवाद सगळ्यांना. निळे काटे, उतार दिलेल्या कडा, स्क्रूचं बॅक कव्हर. एक सापडलंय, पण बॅलन्सचा व्हिडिओ विक्रेता देत नाहीये, 'स्टॉक फोटोच आहे सर' म्हणतो.

दादरचा घड्याळजी

मग नका घेऊ.